आधी प्रोब धरणारा हात, मग लाइन : नवजात बाळांच्या टेले-इकोबद्दल खुले पत्र

प्रति,
नवजात अतिदक्षता विभागांसाठी टेलिमेडिसिनच्या योजना आखणारे, मंजूर करणारे आणि त्यांचा खर्च उचलणारे सर्व जण

महोदय / महोदया,

नवजात बाळाची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एका ठिकाणी काढायची आणि दुसरीकडे बसलेल्या बालहृदयरोगतज्ज्ञाने ती वाचायची, ही कल्पना जुनीच आहे. कॅनडाच्या पूर्व भागात १९८० च्या दशकात ती टेलिफोनच्या जाळ्यावरून वापरली गेली, तर १९९० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये आयएसडीएन, म्हणजे डिजिटल टेलिफोन, लाइनवरून. तेव्हा खरी अडचण लाइनची होती. आता लाइन वेगवान झाली, यंत्रे सुटकेसमध्ये मावू लागली, तरी दूरच्या तज्ज्ञाच्या अहवालात 'दृश्ये अपुरी, तपासणी पुन्हा करावी' हे वाक्य येतच राहते. त्याचे मूळ बहुतेक वेळा प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचा यंत्राचा भाग, धरणाऱ्या हातात असते. तो हात घडवायला योजनेत ना पैसा ठेवलेला असतो, ना वेळ, ना बदली माणूस. हे पत्र त्यासाठी आहे.

हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि त्यांतल्या सुमारे चौथाई बाळांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरने उपचार लागतात. यांतल्या काही दोषांत शरीराचा किंवा फुप्फुसांचा रक्तपुरवठा डक्टवर, म्हणजे गर्भात फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणाऱ्या नळीवर, चाललेला असतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ती पहिल्या दोन-तीन दिवसांत आकसून बंद होते. म्हणूनच प्रसूतिगृहातून घरी जाताना गुलाबी दिसणारे बाळ तिसऱ्या दिवशी राखाडी पडून परत येते. चोवीस तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून केलेली चाळणी यातली बरीच बाळे पकडते. ऑक्सिजनचा आकडा ९० टक्क्यांखाली असेल तर वाट पाहायचे कारणच नाही. पण महाधमनी अरुंद असलेले बाळ या चाळणीतून बऱ्याचदा निसटते. शिवाय 'काहीतरी चुकते आहे' एवढेच ऑक्सिमीटर सांगतो, काय चुकते आहे हे इकोच सांगते.

दूर बसलेल्या तज्ज्ञाला नेमके काय दिसते, याचा विचार करा. स्वतः प्रोब धरलेला माणूस शंका आली की मनगट दोन अंश वळवतो आणि उत्तर शोधतो. दूरच्या माणसाकडे ते मनगट नसते. त्याला मिळते ती दुसऱ्याने निवडलेली क्लिप. न काढलेल्या क्लिपमध्ये काय होते, हे त्याला कधीच कळत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू, कारण चूक कशी घडते ते त्यातून उमगते. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही शिरा डाव्या वरच्या कप्प्यात न उघडता भलतीकडे उघडतात, असा एक दोष आहे. त्याला टीएपीव्हीसी म्हणतात. बाळ निळे, हृदयाची उजवी बाजू फुगलेली, फुप्फुसांतला दाब वाढलेला. हुबेहूब हेच चित्र पीपीएचएनचे, म्हणजे जन्मानंतर फुप्फुसांतला दाब न उतरण्याच्या आजाराचे. नवशिका हात चार कप्प्यांचे दृश्य काढतो, उजवी बाजू मोठी दिसते, 'पीपीएचएन' असे लिहितो. रंगीत डॉपलरचे, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या तंत्राचे, वेगाचे माप सेकंदाला ८० सेंटिमीटरवर, म्हणजे धमन्यांसाठी असते तसेच, ठेवलेले असते. शिरांतला प्रवाह संथ. त्या मापावर तो जेमतेम उमटतो किंवा दिसतच नाही. माप ३० ते ४० वर आणून, रंगाची चौकट लहान करून, छातीच्या वरच्या खाचेतून खेकड्यासारखे दिसणारे ते दृश्य शोधले, तर डाव्या कप्प्यात शिरणारे चार 'पाय' दिसतात किंवा दिसत नाहीत. दोन वरच्या कप्प्यांमधल्या छिद्रातला प्रवाहही पाहायचा असतो. तो पूर्ण वेळ उजवीकडून डावीकडेच जात असेल, तर शिरा शोधल्याशिवाय पीपीएचएन हा शब्द लिहू नये. पीपीएचएनमध्ये तो बहुधा दोन्ही दिशांना जातो. हे निसटले आणि अडलेल्या शिरांच्या बाळाला नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायू, सुरू झाले, तर फुप्फुसांत जास्त रक्त लोटले जाते, त्याला बाहेर पडायची वाट नसते आणि फुप्फुसे पाण्याने भरतात. लाइन कितीही वेगवान असो, ८० च्या मापावर काढलेली क्लिप ती सुधारून देत नाही.

महाधमनीच्या अरुंदपणाचा फास वेगळा आहे. डक्ट उघडी असेपर्यंत अरुंद जागेचा काही भाग तिच्या तोंडामुळे मोकळा राहतो. पहिल्या दिवशी काढलेल्या इकोवरून 'महाधमनी ठीक' असे ठामपणे कुणीच म्हणू शकत नाही, दूरचा नाही आणि जवळचाही नाही. योग्य अहवाल असा असतो : डक्ट उघडी आहे, महाधमनीच्या कमानीचे माप अमुक, डक्ट बंद झाल्यावर पुन्हा पाहावे, तोवर पायांच्या नाड्या आणि चारही हातापायांचा रक्तदाब नोंदवत राहावे. योजनेत एका बाळामागे एकाच तपासणीचा मोबदला धरला असेल, तर ही दुसरी तपासणी कोण करणार?

डॉपलरचा कोनही तसाच दगा देतो. दाबातला फरक वेगाच्या वर्गाला चारने गुणून काढतात. सेकंदाला ४ मीटर वेग म्हणजे ६४ मिलिमीटर पाऱ्याचा फरक. पण प्रोबची रेषा प्रवाहाशी ६० अंशांच्या कोनात असेल, तर यंत्र वेग निम्मा, २ मीटर, दाखवते आणि दाब निघतो फक्त १६. गंभीर अडथळा सौम्य ठरतो. कोन २० अंशांच्या आत ठेवला तर दाबातली चूक बारा टक्क्यांच्या आसपास राहते, तेवढी चालते. यंत्रातली कोन-दुरुस्तीची कळ हृदयाच्या तपासणीत वापरू नये. चुकीचा कोन तिथे अंदाजाने भरला जातो आणि आकडा उगाच फुगतो.

यंत्राबद्दल थोडक्यात. मोठ्यांच्या हृदयासाठीचा २ ते ४ मेगाहर्ट्झचा प्रोब दीड किलोच्या बाळाला निरुपयोगी आहे. ८ ते १२ मेगाहर्ट्झचा, लहान तोंडाचा फेज्ड अ‍ॅरे प्रोब लागतो. चित्राची खोली बाळाच्या आकाराप्रमाणे साधारण ४ ते ६ सेंटिमीटर, सेक्टर, म्हणजे चित्राचा पंखा, अरुंद. तीन तारांचा ईसीजी जोडलाच पाहिजे, नाहीतर ठोक्याच्या हिशेबाने क्लिप कापता येत नाही आणि आकुंचन कुठे सुरू झाले ते वाचणाऱ्याला कळत नाही. खरेदीच्या कागदात यंत्राचे नाव मोठ्या अक्षरांत आणि नवजात प्रोब 'ऐच्छिक' या सदरात, असे दिसले तर तिथेच थांबा.

आता लाइन. मिनिटाला १५० ठोके असलेल्या बाळाचा एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा. सेकंदाला १५ फ्रेम पोहोचल्या तर एका ठोक्याच्या वाट्याला सहा चित्रे येतात. ३० फ्रेमना बारा, ६० फ्रेमना चोवीस. सहा चित्रांत झडप उघडताना दिसते, बंद झालेली दिसते, मधले सगळे गायब. नेहमीची व्हिडिओ कॉलची साधने गर्दीच्या वेळी फ्रेम किंवा बारकावा गुपचूप कमी करतात, वापरणाऱ्याला न सांगता. ती चेहरे दाखवण्यासाठी बनलेली आहेत. रंगाचेही तसेच. बहुतेक व्हिडिओ दाबताना उजेडापेक्षा रंगाचे नमुने एक चतुर्थांशच ठेवले जातात, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरची रंगीत धार शेजारच्या करड्या भागात फासली जाते. यंत्राच्या पडद्यावर मोबाइल रोखून काढलेला आणि संदेशाच्या अ‍ॅपवरून पाठवलेला व्हिडिओ हे तर सगळ्या दोषांचे संमेलन : परावर्तन, लुकलुकणे, पुन्हा दाबणे आणि वर बाळाचे नाव उघड्यावर. चित्र यंत्रातून थेट केबलने, कॅप्चर कार्डातून घ्यावे किंवा मूळ डायकॉम, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित, स्वरूपात पाठवावे.

मूळ स्वरूपातली पूर्ण तपासणी काहीशे मेगाबाइटची असू शकते. ३०० मेगाबाइट धरले आणि वर चढवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला, तर वीस मिनिटे लागतात. कराराच्या कागदावर छापलेला मोठा आकडा उतरवण्याचा असतो. तुम्हाला चढवण्याचा हवा आहे, तोही संध्याकाळच्या गर्दीतला.

साठवून पाठवणे आणि थेट पाहणे यांत एकच निवडायचे, असा आग्रह योजनांत का असतो, कळत नाही. बाळ स्थिर असेल, प्रश्न 'मरमर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू येते, छिद्र आहे का' इतकाच असेल, तर साठवून पाठवणे उत्तम. चित्राचा दर्जा पूर्ण टिकतो आणि वाचणारा आपल्या वेळेने वाचतो. बाळ निळे असेल, शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोसळलेले) असेल, किंवा काढणारा हात अजून कच्चा असेल, तर थेट. थेट पाहतानाही क्लिप यंत्रात साठत राहिल्या पाहिजेत आणि नंतर मूळ स्वरूपात गेल्या पाहिजेत. अंतिम अहवाल त्यावरून लिहावा, हलत्या कॉलवरून नव्हे.

थेट मार्गदर्शनाला दोन चित्रे लागतात. एक इकोचे, दुसरे बाळाची छाती आणि प्रोब धरलेला हात दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचे. दुसरे नसेल तर तज्ज्ञ आंधळेपणाने 'थोडे वर' म्हणत राहतो. वर म्हणजे डोक्याकडे, की प्रोबचे शेपूट वर? दोन्ही टोकांना शब्द आधीच ठरवून घ्यावे लागतात. आम्ही असे सुचवतो : 'सरकवा' म्हणजे प्रोब कातडीवरून जागा बदलेल, 'झुकवा' म्हणजे जागा तीच, शेपूट खाली-वर होईल आणि चित्राची पातळी पुढे-मागे जाईल, 'डोलवा' म्हणजे त्याच पातळीत शेपूट प्रोबवरच्या खुणेच्या बाजूला किंवा उलट, 'फिरवा' म्हणजे जागच्या जागी पिळणे, तेही घड्याळाच्या काट्यांत, 'खूण दोनवर आणा' असे. सरकवताना दिशा डोक्याकडे, पायांकडे, बाळाच्या उजवीकडे, बाळाच्या डावीकडे अशीच सांगायची. एका वेळी एकच सूचना. आवाज आणि चित्र यांना मिळून सेकंदभराचा उशीर असेल, तर 'थांबा' ऐकू येईपर्यंत हात त्या दृश्याच्या पुढे गेलेला असतो. म्हणून लहान हालचाल, मग दोन सेकंद स्तब्ध, मग पुढची सूचना. लहान मुलांच्या इकोत काही दृश्ये उलटी, हृदयाचे टोक खाली, ठेवायची पद्धत आहे. ती दोन्हीकडे सारखी नसेल तर डावे-उजवे बदलते आणि मग वाद चित्रावर होतो, बाळ बाजूलाच राहते.

प्रशिक्षणाकडे येतो. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या इको व बालहृदयरोग संघटनांनी २०११ मध्ये नवजाततज्ज्ञांनी करायच्या इकोबद्दल एकत्रित मार्गदर्शिका काढली. त्यातला कणा दोन वाक्यांत सांगता येतो. बाळाची पहिली इको पूर्ण रचनेची असावी आणि ती बालहृदयरोगतज्ज्ञाने वाचावी. रचना ठीक असल्याचे ठरल्यावर रोजचे प्रश्न, म्हणजे डक्ट किती मोठी, फुप्फुसांतला दाब किती, हृदयाचे आकुंचन कसे, हे प्रशिक्षित नवजाततज्ज्ञाने पाहावेत. ही हद्द कागदी नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळात डक्ट दीड मिलिमीटरपेक्षा मोठी, डाव्या वरच्या कप्प्याचे महाधमनीशी प्रमाण दीडपेक्षा जास्त, उतरत्या महाधमनीत रक्त उलटे जाते आहे, इतके मोजून कुणी डक्ट बंद करायचे औषध सुरू केले आणि मुळात त्या बाळाची महाधमनी किंवा फुप्फुसाची झडपच बंद असली, तर ती डक्ट हाच त्याचा एकमेव आधार होता.

शिकण्याचा क्रम आमच्या मते असा हवा. आधी निरोगी बाळे, पालकांच्या संमतीने. साधारण हृदय शंभर वेळा पाहिल्याशिवाय असाधारण ओळखू येत नाही. सिम्युलेटरवर मनगट तयार होते, पण रडणारे बाळ, व्हेंटिलेटरने फुगलेली आणि छातीवरची खिडकी, म्हणजे हृदय दिसू शकते ती जागा, झाकून टाकणारी फुप्फुसे तिथे भेटत नाहीत. अशा वेळी यकृताच्या खिडकीतून, म्हणजे बरगड्यांखालून (सबकोस्टल), पाहावे लागते. म्हणून सुरुवात तिथूनच शिकवावी. पोटाच्या पातळीवर मणक्याच्या कोणत्या बाजूला महाधमनी आणि कोणत्या बाजूला मोठी शीर, इथपासून वर सरकत हृदयाच्या टोकापर्यंत, शिरा, कप्पे, झडपा, धमन्या अशा ठरलेल्या क्रमाने. हा क्रम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही. 'धमनी दिसली, दोन फाटे झाले, म्हणजे फुप्फुसाची' हे सिद्ध केल्याशिवाय तिला नाव द्यायचे नाही. धमन्यांची अदलाबदल झालेल्या हृदयात तीच डाव्या कप्प्यातून निघते.

एका गोष्टीवर अडून बसावे असे आम्हाला वाटते : सुटे कट नकोत, स्वीप हवेत. पाच ते आठ सेकंदांत प्रोब हळू झुकवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंतची सलग क्लिप, आधी करडी, मग रंगीत. दूरच्या वाचणाऱ्याला हरवलेले मनगट थोडेफार परत मिळते ते यातूनच. नवशिके सुंदर दिसणारे एक चित्र गोठवून पाठवतात, आणि दोष असतो त्याच्या शेजारी.

दोन दिवसांच्या कार्यशाळेत यंत्राच्या कळा कळतात. हात बसायला महिने जातात, आणि त्या महिन्यांत शिकणाऱ्याच्या जागी विभागात कोण उभे राहणार, हा प्रश्न सोडवला नाही तर तो रात्रपाळीनंतर झोपाळलेल्या डोळ्यांनी शिकतो. बदली माणसाचा पगार हा प्रशिक्षणाचा खर्च आहे, तो त्याच मथळ्याखाली धरा. एका विभागात एकालाच शिकवू नका. तो रजेवर गेला की योजना रजेवर जाते. हात आठवड्यांत गंजतो, तेव्हा नंतरही महिन्याला ठरावीक तपासण्या आणि त्यांची नोंदवही लागेल.

याच ठिकाणी लाइन सर्वांत जास्त कामाची ठरते, आणि नेमका हाच उपयोग योजनांत नसतो. तज्ज्ञ प्रत्येक तपासणी वाचतोच आहे. त्याला आणखी दहा मिनिटे द्या : ही क्लिप का वाचता आली नाही, गेन (चित्राचा उजळपणा) जास्त होता, रंगाची चौकट अर्ध्या पडद्याएवढी होती म्हणून फ्रेम पडल्या, कमान दिसली नाही कारण खांद्याखाली छोटी गुंडाळी ठेवली नव्हती. आठवड्यातून एकदा वाया गेलेल्या क्लिप एकत्र पाहाव्यात. त्यासाठी तज्ज्ञाचा वेळ पगारात मोजलेला हवा. सध्या अनेक ठिकाणी तो मैत्रीखातर, जेवणाच्या सुट्टीत मिळतो, आणि अशी व्यवस्था एक माणूस दमला की संपते.

पाठवणाऱ्याने सोबत काय लिहावे तेही शिकवावे लागते. वय तासांत, वजन, किती आठवड्यांचे, उजव्या हाताचा आणि पायाचा ऑक्सिजन, किती ऑक्सिजनवर, व्हेंटिलेटर आहे का, चारही हातापायांचा रक्तदाब, प्रोस्टाग्लँडिन (डक्ट उघडी ठेवणारे औषध) चालू आहे का, आणि एक स्पष्ट प्रश्न. 'इको करून द्यावी' हा प्रश्न होत नाही. अहवालात 'पाहिले, ठीक आहे', 'पाहिले, दिसले नाही' आणि 'पाहिलेच नाही' हे तीन वेगळे रकाने असावेत. रिकामी जागा वाचणारा नेहमी 'ठीक' असाच अर्थ लावतो. तातडीचा निष्कर्ष फोनवर सांगायचा, ऐकणाऱ्याने तो उलट म्हणून दाखवायचा, आणि वेळ लिहायची.

बाळाची काळजी या धांदलीत मागे पडते. जेल कोमट हवे आणि एकदा वापरायच्या निर्जंतुक पुड्यांतले. पुन्हा पुन्हा भरलेल्या बाटल्यांतल्या जेलमधून अतिदक्षता विभागांत जंतुसंसर्ग पसरल्याच्या नोंदी आहेत. बाळ इनक्युबेटरच्या खिडकीतूनच तपासावे. वीस मिनिटे झाली, किंवा ऑक्सिजन उतरू लागला, नाडी मंदावली, तर प्रोब उचलायचा, उरलेले नंतर. हे थांबवण्याचा अधिकार शेजारी उभ्या नर्सकडे असावा, प्रोब धरणाऱ्याकडे किंवा पडद्यापलीकडच्या तज्ज्ञाकडे नव्हे, कारण त्या दोघांचे डोळे चित्रावर असतात.

आणि इकोची वाट पाहत प्रोस्टाग्लँडिन अडवून ठेवू नये. डक्टवर अवलंबून असल्याचा दाट संशय असलेले निळे किंवा शॉकमधले बाळ समोर असेल, तर दर मिनिटाला किलोमागे ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमने सुरू करून श्वास थांबण्याची तयारी ठेवावी. विशेषतः दोन किलोंखालच्या बाळात तो थांबतो. लाइन लागायला उशीर झाला म्हणून औषध थांबले, तर टेलिमेडिसिनने नुकसान केले असे म्हणावे लागेल.

प्रस्तावावर सही करण्याआधी एक चाचणी मागा, तिला अर्धा दिवस पुरतो. ज्यातल्या शिरा आणि कमान आधीच खात्रीने माहीत आहेत अशी एक तपासणी, नाव काढून, त्याच यंत्रावरून, त्याच लाइनवरून, सर्वांत गर्दीच्या तासाला पाठवा. वाचणाऱ्याला ती कुणाची, काय निघाले होते, हे सांगू नका. फुप्फुसाच्या चार शिरांपैकी किती दिसल्या, ते त्याला लिहून द्यायला सांगा. मग तीच चाचणी नवजात विभागातल्या शिकाऊ हाताने काढलेल्या ताज्या क्लिपवर करा. पहिली नापास झाली तर लाइनचे पैसे वाढवा. दुसरी नापास झाली तर लाइनचे पैसे तसेच ठेवून प्रशिक्षणाची ओळ पुन्हा लिहा.

आपले,
नवजात विभागांत आणि बालहृदयरोग विभागांत इको काढणारे व वाचणारे आम्ही काही जण